न्याहारीला सुशी, एदोपासून तोयोसूपर्यंत

अट एकच आहे: पोट रिकामं हवं. रात्रीचं जेवण बेताचं ठेवा, उठल्याउठल्या चहा मागू नका आणि पहाटे तीनला अंथरूण सोडायची तयारी ठेवा. कपड्यांची, भाषेची आणि सुट्ट्या पैशांची सोय झाली आहे असं समजा. टोकियोच्या मासळीबाजारात पहाटे ताजी सुशी खायची, हे तुम्ही कुठेतरी वाचलंय, कुणाच्या तरी फोटोत पाहिलंय आणि मनात धरून बसला आहात. हरकत नाही. पण नेमकी कोणत्या सालातली पहाट हवी, ते तुम्ही सांगितलेलं नाही. तेव्हा जुन्यापासून सुरुवात करू.

साल 1830च्या आगेमागे. तुम्ही निहोनबाशीच्या लाकडी पुलावर उभे आहात. शहराचं नाव अजून टोकियो झालेलं नाही, एदो आहे. पूर्वेकडे जेमतेम फटफटतंय आणि पुलाच्या उत्तर काठाला लागून असलेल्या बाजारातून आरडाओरडा ऐकू येतोय. खाली पाण्यात लांब, अरुंद नावा एकीमागून एक काठाला लागताहेत. या नावा तुम्ही पाहिलेल्या आहेत. होकुसाईच्या त्या जगप्रसिद्ध चित्रात अजस्र लाटेखाली ज्या तीन नावा सापडल्या आहेत, त्या याच जातीच्या. समुद्रात पकडलेली मासळी रातोरात वल्हवत एदोला पोचवायची, हे त्यांचं काम. बर्फ नाही. मासा किती ताजा पोचणार, ते सगळं वल्ही मारणाऱ्यांच्या दंडांवर.

पूल उतरून बाजारात शिरा. पायाखाली चिखल, खवले आणि पाणी. हा बाजार सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा. इयेयासू तोकुगावा या शोगुनने, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याने, एदोला राजधानी थाटली तेव्हा ओसाकाजवळच्या त्सुकुदा गावच्या कोळ्यांना इथे आणून वसवलं. आधी किल्ल्याच्या मुदपाकखान्याला मासळी पोचती करायची आणि उरेल ती विकायची, अशी त्यांना मुभा होती. ‘उरेल ती’ आता किती झाली आहे ते डोळ्यांसमोर आहे. एदोत दिवसाला हजार र्यो, म्हणजे सोन्याची नाणी, तीन ठिकाणी उधळली जातात असं लोक म्हणतात: सकाळी मासळीबाजारात, दुपारी नाटकात आणि रात्री योशिवाराच्या रंगमहालांत.

शेजारी दोन म्हातारे अजून 1812च्या कात्सुओच्या गोष्टी सांगताहेत. कात्सुओ म्हणजे ट्यूनाच्या कुळातला लहान भाऊ. कोकणात कुपा खाणाऱ्यांना तोंडवळा ओळखीचा वाटेल. उन्हाळ्याच्या तोंडाला येणारा पहिला कात्सुओ खाण्यासाठी एदोकर काय वाट्टेल ते करतो. त्या वर्षी पहिल्या खेपेला सतराच मासे आले. त्यातले सहा शोगुनच्या घरी गेले आणि एक नाकामुरा उताएमोन या नटाने तीन र्यो मोजून घेतला. मासा कच्चाच खायचा, काप करून. म्हणजे कच्ची मासळी इथे आहे, तिची हौसही आहे. तुमची आशा वाढते. तुम्ही एका हमालाला गाठून विचारता, “सुशी कुठे मिळेल?”

तो तुमच्याकडे आणि मग आकाशाकडे बघतो. या वेळी? सकाळी एदोत गरम भात, मिसोचं सार आणि लोणचं खातात. गल्लीतून नात्तोवाला (आंबवलेलं सोयाबीन विकणारा) आणि शिंपल्यावाला ओरडत जातोय, त्यांच्याकडून काय हवं ते घ्या. सुशीच्या गाड्या लागतात संध्याकाळी, लोक हमामखान्यातून अंघोळ करून बाहेर पडतात तेव्हा. पहिला डाव फुकट गेला. दिवसभर हिंडा.

संध्याकाळी र्योगोकू भागात या. इथेच हानाया योहेई नावाच्या माणसाचं दुकान आहे. व्हिनेगर घातलेला भात मुठीत दाबून त्यावर मासा ठेवायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही निगिरी सुशी घडवण्याचं श्रेय बहुतेक याच्याच नावावर जमा होतं. गाडीवर मांडलेल्या सुशी बघा. आजच्या दुप्पट, तिप्पट मोठ्या. दोन खाल्ल्या की माणूस गप्प बसावा इतक्या. भात पांढरा नाही, तांबूस आहे, कारण व्हिनेगर साकेच्या चोथ्यापासून केलेलं आहे. हे स्वस्त व्हिनेगर हांदा गावाहून जहाजाने येतं आणि त्याच्या जिवावर हा गाड्यांचा धंदा फोफावला आहे.

आता वरचा मासा बघा. कोहादा आहे, आपल्या तारलीच्या कुळातला. तो मिठात ठेवून मग व्हिनेगरमध्ये मुरवलाय. वाम आहे, ती शिजवून वर गोडसर रस लावलाय. कोळंबी उकडलेली. ट्यूना सोयाच्या रसात बुडवून काळपट झालेला. म्हणजे ज्याच्यासाठी दोनशे वर्षं मागे आलात, तो कच्चा, ताजा, चकचकीत तुकडा इथे नाही. असणार कसा? मासा पहाटे आला, गिऱ्हाईक संध्याकाळी आलं, मधे आख्खा दिवस गेला. त्या दिवसाचा इलाज म्हणजेच सुशीवाल्याची कला. मीठ, आंबट, सोया, उकड. ‘एदोच्या समोरच्या खाडीतली मासळी’ म्हणून जिचा डांगोरा पिटतात ती एदोमाए सुशी या दिवसभराच्या खटपटीतून तयार झालेली आहे.

भाव: एकेक नग आठ मोन, म्हणजे चिल्लर नाणी. फक्त अंड्याची गुंडाळी सोळा मोन. हो, बरोबर वाचलंत, अंडं माशाच्या दुप्पट.

तुम्ही धीर करून ट्यूनाच्या पोटाकडचा भाग मागता, तोरो. गाडीवाला हसतो, बाजूचे दोघेही हसतात. ती चरबी तासाभरात वास मारायला लागते, सोयाही तिच्यात मुरत नाही. त्या भागाला इथे एक टोपणनाव आहे, ज्याचा अर्थ मांजरसुद्धा ओलांडून जाईल असा होतो. तेव्हा कोहादा खा. आंबट-खारट, घट्ट, भाताच्या कोमट गोडीवर बसलेला. खाऊन झालं की गाडीच्या पडद्याला हात पुसा. लाजू नका, सगळे पुसतात. ज्याचा पडदा जास्त मळका, त्याचा धंदा चांगला, अशी इथली पारख आहे.

याहूनही मागे जायचं म्हणत असाल तर बिवा सरोवराकाठी दोन मिनिटं उभे राहा. तिथे गोड्या पाण्यातला मासा मीठ आणि भातात दाबून वर्षभर किंवा त्याहून जास्त ठेवतात, आणि खाताना भात बहुतेक टाकून देतात. सुशीचं मूळ हे. वास नाकात जाताच तुम्हीच परत फिराल. आणि परतताना 1840च्या दशकाची पहिली वर्षं टाळा. सरकारने चैनीच्या वस्तूंवर वरवंटा फिरवलाय; महाग सुशी विकल्याबद्दल सुशीवाल्यांना धरलं, योहेईच्याही हातांत बेड्या पडल्या.

1 सप्टेंबर 1923ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना जमीन हलते. चुली पेटलेल्या होत्या, आगी लागतात, आणि तीनशे वर्षांचा निहोनबाशीचा बाजार जळून जातो. तिथे थांबून बघण्यासारखं काही नाही. एवढंच लक्षात ठेवा की घरदार गमावलेले सुशीवाले आपापल्या गावी पांगले आणि एदोची निगिरी त्यांच्या हातांबरोबर देशभर गेली.

1935. बाजार आता त्सुकिजीला आहे, सुमिदा नदीकाठी, पूर्वी नौदलाच्या ताब्यात असलेल्या जागेवर. ही सगळी जमीनच भराव टाकून केलेली, 1657च्या मोठ्या आगीनंतरची. पहाटे चालत येताना वाटेत होनगान्जी हे बौद्ध मंदिर लागतं आणि तुम्ही थबकता. जपानी मंदिराचं उतरतं कौलारू छप्पर कुठेच नाही. समोर दगडी दर्शनी भाग आणि त्यावर कार्ल्या-अजिंठ्याच्या चैत्यगृहांची आठवण करून देणारी कमान! जुनं मंदिर भूकंपाच्या आगीत गेलं, नवं इतो चुता या वास्तुविशारदाने 1934मध्ये पुरं केलं. हा गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीन, भारत, तुर्कस्तान असा हिंडून आलेला. मासळीचा वास येईल इतक्या अंतरावर प्राचीन भारतीय वळणाचं मंदिर बांधायला तो कचरला नाही. पुढे चला, उशीर होतोय.

बाजाराची इमारत पंख्यासारखी वळलेली आहे. नकाशा काढणाऱ्याची ही हौस नव्हे: बाहेरच्या कडेने रेल्वेचे रूळ वळत गेलेत, त्यावर डब्यांची लांबलचक रांग एकाच वेळी उभी राहते. बाहेरच्या कडेला मासळी उतरते, मधे लिलाव होतो, आतल्या बाजूला छोट्या व्यापाऱ्यांचे गाळे. मासळी एकाच दिशेने सरकत जाते. बर्फ भरपूर आहे, सुशीच्या दुकानांत बर्फाच्या पेट्या आल्या आहेत आणि भातावर खरोखर कच्च्या माशाचे तुकडे दिसू लागले आहेत. तुमची वेळ जवळ येतेय.

पण बाजारातला माणूस काय खातोय बघा. तो गोमांस घातलेला भाताचा वाडगा भराभर संपवतोय. योशिनोया या दुकानाची सुरुवात 1899ला निहोनबाशीच्या मासळीबाजारात झाली आणि भूकंपानंतर तेही बाजाराच्या मागोमाग इकडे आलं. गिऱ्हाईक घाईतलं, म्हणून वाढप झटपट. रात्रभर हातांना मासळीचा वास असलेल्या माणसाला न्याहारीलाही मासळीच हवी असेल, हे फक्त पाहुण्यांना वाटतं.

1947ला येताना तांदूळ बरोबर आणा. चेष्टा नाही. युद्ध हरलेल्या देशात अन्नाचा दुष्काळ आहे, जुलैपासून उपाहारगृहं सरकारी हुकमाने बंद आहेत. टोकियोच्या सुशीवाल्यांनी सरकारशी घासाघीस करून एक पळवाट काढली: आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकाने आणलेल्या तांदळाची सुशी करून देतो आणि मजुरी घेतो. तुम्ही एक गो तांदूळ पुढे ठेवा, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम. बदल्यात दहा नग मिळतील. समुद्रातल्या मासळीवर नियंत्रण आहे, त्यामुळे शिंपल्या, नदीतली मासळी, अळंबी आणि कानप्यो. हा कानप्यो म्हणजे सुकवून, सोयात शिजवलेल्या दुधी भोपळ्याच्या पट्ट्या. मासळीबाजाराच्या नावाने घरातून निघालात आणि दुधी खाऊन परत आलात, हे कुणाला सांगू नका. पण आजही सुशीच्या दुकानात एका माणसाच्या ताटाचा अंदाज दहा नगांच्या आसपास बसतो, तो या तांदळाच्या हिशेबातून. देशभरच्या सुशीवाल्यांनी हीच सवलत मिळवण्यासाठी एदोची निगिरी उचलली आणि ठिकठिकाणच्या जुन्या दाबलेल्या सुशी मागे पडल्या.

16 मार्च 1954. ही पहाट तुम्हाला आवडणार नाही, तरी थांबा.

लिलावाच्या जागेत नेहमीचा गजबजाट आहे, पण एका कोपऱ्यातल्या मासळीभोवती घोळका आहे आणि त्यात बाजारातले नसलेले, यंत्र घेतलेले लोक आहेत. ती यंत्रं किरणोत्सर्ग मोजतात. 1 मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही ट्यूना पकडणारी बोट धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तरी तिच्यावर पांढरी राख बरसली. तेवीस खलाशी. 14 तारखेला बोट याइझू बंदराला लागली आणि तिच्यातली मासळी इतर बाजारांबरोबर इथेही आली. ते ट्यूना आणि मुशी विकायच्या नाहीत असं ठरतं आणि बाजाराच्या आवारातच खोल खड्डा खणून पुरल्या जातात.

पुढचे कित्येक दिवस टोकियोत मासळीला गिऱ्हाईक नाही. आमच्याकडे तो ट्यूना मिळत नाही, अशा पाट्या दुकानांवर लागतात. सुशीवाले हातावर हात ठेवून बसलेत. सुगिनामी भागातल्या गृहिणींनी बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम सुरू केली, ती लाखोंवर गेली. त्या मोहिमेच्या मुळाशी धंदा बसलेले मासळीवालेही होते, हे सहसा सांगितलं जात नाही. बोटीचा रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबरला मरण पावला. त्सुकिजीच्या दाराजवळच्या भिंतीवर या पुरलेल्या माशांची आठवण म्हणून 1999मध्ये एक धातूची पाटी लागली. सुशीच्या रांगेत तीन तास उभे राहणारे तिच्यापुढून जात, वाचत कुणी नसे. आज इथे खायला काही मागू नका.

1972चा ऑगस्ट, तारीख 14. आता जग वेगाने धावतंय. जपानहून कॅमेरे आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू भरून अमेरिकेला जाणारी मालवाहू विमानं परतताना रिकामी येतात, आणि जपान एअरलाइन्सच्या अकिरा ओकाझाकी या कर्मचाऱ्याला ती कशाने तरी भरायची आहेत. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर हौशी लोक गळाने प्रचंड ब्लूफिन ट्यूना पकडतात, फोटो काढतात आणि मासा फेकून देतात. बर्फात घालून तेच मासे उडत त्सुकिजीला येतात आणि आज त्यांचा लिलाव आहे. अटलांटिकमधला मासा टोकियोत पहाटे साडेपाचला!

गिऱ्हाईक बदललंय, म्हणून हा खटाटोप. युद्धानंतरच्या जपानी माणसाला गोमांसाची, लोण्याची चव लागली, आणि एदोत मांजर ओलांडत होतं ती चरबी आता तोंडात विरघळणारा मेवा झाली. शीतगृहांनी तिचा वास थांबवला, उरलेलं काम विमानांनी केलं. दुकानात बसा, तोरो मागा. मिळेल, आणि खिसा रिकामा होईल. हुरूप येऊन तुम्ही सामनही मागाल, तर सुशीवाला हातातला सुरा खाली ठेवेल. कच्चा सामन? त्यात जंत असतात, तो भाजून खातात. नॉर्वेवाले आपला शेतीतला सामन घेऊन 1980च्या दशकात जपानचं दार ठोठावतील, तेव्हा कुठे त्याला भातावर जागा मिळेल. मुंबई-पुण्यात सुशी म्हटलं की ज्या केशरी तुकड्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं, तो या घराण्यात सर्वांत उशिरा आलेला पाहुणा आहे.

आता तुमची खरी पहाट. 2015चा हिवाळा, त्सुकिजी, वेळ साडेतीन.

लिलाव बघायला रोज 120 जणांनाच सोडतात, म्हणून नावनोंदणीच्या खोलीत आधीच लोक जमिनीवर पेंगत बसलेत. ही मर्यादा पाहुण्यांच्याच कृपेने आली: कुणी माशांना थोपटायचं, कुणी तोंडावर फ्लॅश मारायचं, शेवटी 2008च्या डिसेंबरात महिनाभर दारं बंद केली होती. अंगावर ओळखीचं रंगीत जाकीट चढवून तुम्ही आत जाता. वाटेत टारे जपा. उभ्या माणसाने चालवायची, पुढे पिंपासारखं गोल इंजिन असलेली ही बुटकी गाडी हॉर्न न वाजवता अंगावर येते आणि थांबत नाही. रस्ता तिचा आहे, तुमचा नाही.

लिलावगृहाच्या जमिनीवर गोठवलेले ट्यूना रांगेत पडलेत. शेपट्या कापलेल्या, अंगावर हिमाची पांढरी साय, तांबड्या रंगाने लिहिलेले आकडे. खरेदीदार रबरी बूट घालून, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात आकडी घेऊन वाकून फिरताहेत. एकाजवळ नीट बघा. शेपटीच्या कापावर तो टॉर्चचा झोत टाकतो, आकडीने मांसाचा एक कण उचकटतो आणि अंगठा-तर्जनीत चोळतो. बोटांना तेल किती लागलं, त्यावरून पोटात चरबी किती ते तो ताडतो. चेहऱ्यावर काही नाही. मग घंटा वाजते. लिलाववाला पाटावर चढून एका लयीत काहीतरी म्हणू लागतो, समोरचे बोटांच्या खुणा करतात, आणि एकेक मासा काही सेकंदांत जातो. लाखांचे सौदे, तोंडातून शब्द नाही.

वर्षाच्या पहिल्या लिलावाचे आकडे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचता ते याच जागेतले. 2013च्या जानेवारीत ओमा बंदराचा 222 किलोचा ब्लूफिन 15 कोटी 54 लाख येनला गेला. घेणारे कियोशी किमुरा सुशीच्या दुकानांच्या साखळीचे मालक. तो भाव माशाचा मानू नका. ती जाहिरात होती आणि जाहिरात म्हणून स्वस्तात पडली.

बाहेर या. सहावी इमारत, अरुंद गल्ली, त्यात सुशीची चिंचोळी दुकानं. दाइवा आणि सुशी दाइ यांच्या रांगा कोपऱ्यावरून वळून गेल्यात. पहाटे पाचला उघडणाऱ्या दुकानासाठी लोक अडीचला येऊन उभे आहेत. थंडीने पायांची बोटं बधिर होतात. शेवटी दार सरकतं, आत मोजून बारा-तेरा जागा, पाठ भिंतीला आणि पोट फळीला लागेल इतकी जागा. गरम चहा, मिसोचं सार. सुशीवाला तुमच्याकडे न बघता कामाला लागतो.

त्याच्या हातांकडे बघा. डाव्या हातात माशाचा काप, उजव्या हाताच्या बोटांनी लाकडी पिंपातून भाताचा गोळा उचललेला, तर्जनीच्या टोकाने वसाबीचा ठिपका मधे, मग तीन-चार हलके दाब, एक उलटा फेर, आणि लाकडी पाटीवर तुमच्यापुढे तो नग. ब्रशने सोयाचा एक हात त्याने आधीच फिरवलाय, म्हणजे बशीत बुडवायचा नाही. हाताने उचला, एका घासात खा. भात अंगाइतका कोमट, मासा गार. दाबलेला भात तोंडात गेल्यावर दाणा-दाणा सुटतो. हे थंड भाताच्या डब्यातल्या सुशीत कधीच होत नाही, आणि माझ्या मते बाजारात येऊन खाण्याचं एकमेव खरं कारण हेच: भात. मासा तर पाच किलोमीटर लांबच्या दुकानातही तासाभरात पोचतो.

तोरो येतो, आणि तुम्ही तोंड भरल्या आवाजात विचारता, “आजचा आहे ना?”

नाही. आपल्याकडे कल्ले उचलून, डोळे बघून, बोटाने दाबून मासळी घेणाऱ्या माणसाला हे पटायला जड जातं. पण मोठा ट्यूना पकडल्या दिवशी चवीला सपक असतो. काही दिवस, कधी आठवडाभर, थंडीत ठेवल्यावर मांसातले घटक मोडतात आणि चव वर येते. आणि स्वस्त दुकानातला ट्यूना असेल तर तो हिंदी महासागरातही पकडलेला असू शकतो, बोटीवरच उणे साठ अंशांना गोठवून महिनोन्‌महिने ठेवलेला. पाटीवर खरोखर आजचं काय आहे? शिंपल्यातलं लाल मांस, जे फळीवर आपटल्यावर आकसलं ते. पहाटेचा आजी नावाचा मासा. आणि त्यांच्या शेजारी कोहादा, मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, थेट 1830चा. तुम्ही ज्याला ताजी सुशी म्हणून आलात, त्यातला सर्वांत जुना भाग मुरवण्याचा आहे आणि सर्वांत नवा भाग ताजेपणाचा. त्यासाठी आधी बर्फ लागला, मग रेल्वे, मग विमान.

खाऊन बाहेर पडता तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. तुमची न्याहारी झाली. पण रात्री बारापासून राबणाऱ्या बाजारकऱ्यांची ही जवळजवळ जेवणाची वेळ आहे. ही गल्ली मुळात त्यांच्यासाठी. तीन तास रांगेत उभं राहायला त्यांना सवड कुठली? ते शेजारच्या दुकानात करी-भात, तळलेलं डुकराचं मांस किंवा टोस्टवर अंडं खाताहेत आणि तुमच्या रांगेकडे बघून हसताहेत. एदोतला तो गाडीवाला असाच हसला होता.

यानंतरच्या पहाटा मोजक्याच. बाजाराचं तोयोसूला स्थलांतर 2016च्या नोव्हेंबरात ठरलं होतं, पण तिथली नवी जागा जुन्या गॅस कारखान्याची. जमिनीत बेंझीन निघालं, टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांनी स्थलांतर थांबवलं. 6 ऑक्टोबर 2018ला त्सुकिजीचा आतला बाजार बंद झाला, 83 वर्षांनी. लगोलग टाऱ्यांचे ताफे नव्या पुलावरून तोयोसूला गेले आणि 11 तारखेला तिथे लिलाव सुरू झाला. 2019च्या पहिल्या लिलावात किमुरांनीच 278 किलोच्या ब्लूफिनला 33 कोटी 36 लाख येन मोजले.

तोयोसू बंदिस्त, वातानुकूलित, धुतल्यासारखं स्वच्छ आहे. मासळीच्या दृष्टीने ते उत्तमच. उघड्या छपराखालच्या त्सुकिजीबद्दल हळहळणाऱ्यांनी तिथली उन्हाळ्यातली दुपार आठवावी. पाहुणे आता काचेमागून लिलाव बघतात. जवळून बघायचा सज्जा आहे, त्यासाठी सोडत असते आणि नाव आधी नोंदवावं लागतं. सुशी दाइ आणि दाइवा दोन्ही तिथे आहेत, रांगाही आहेत.

तर आजच्या सालात जाणार असाल तर एवढं करा. युरिकामोमे मार्गावरच्या शिजो-माए स्थानकापाशी उतरा, ते बाजाराच्या दारातच आहे. पहिल्या गाडीने आलात तरी रांगेत तुमच्या पुढे माणसं असणार, म्हणून जवळच मुक्काम केलेला बरा. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार अजून चालू आहे. तिथे गाड्यांवरचं गोड अंड्याचं ऑम्लेट खा, फक्त शाकाहारी मंडळींनी सांभाळा, त्यात माशाचं पाणी असतं. काकडीची किंवा कानप्योची गुंडाळी मागताना कानप्यो कशात शिजवलाय तेही विचारा. आणि तिकीट काढण्याआधी बाजाराचं कॅलेंडर बघा: रविवारी आणि बऱ्याच बुधवारी तो बंद असतो.